पत्रिका कुठं छापली?

भगवानतात्या कागद कानानं बघतात. गिऱ्हाइकानं एखाद्या लग्नपत्रिकेवर बोट ठेवलं की ते ती उचलतात, उजव्या कानाशी नेतात, डोळे मिटतात आणि एक टिचकी मारतात. मग थोडा वेळ शांतता. शांतता म्हणजे तात्यांच्यापुरती. बारामतीतल्या आमच्या गल्लीत पिठाची गिरणी धडधडत असते, दूधवाला गाडीचा हॉर्न वाजवत असतो आणि नवरदेवाचा बाप दवाखान्यात तपासणीला आल्यासारखा अवघडून उभा असतो. ऐकून झालं की तात्या डोळे उघडतात आणि निकाल देतात, "ह्यो नगं. ह्यो ओरडतोय. लग्नाचा कागद कसा, हळू बोलणारा पायजे."

त्यांचं दुकान आमच्या घराच्या बरोबर खाली आहे. पुढं कागदांच्या थप्प्या, मागच्या खोलीत छपाईचं यंत्र आणि त्याच्याही मागं तात्यांची खाट. बायको नाही, मूलबाळ नाही. दुकानाच्या पाटीवर नुसतं 'पत्रिका' एवढंच लिहिलंय. मालकाचं नाव का नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, लोक हितं काय माझं नाव वाचाय येत्यात का?"

तात्यांना धंदा कळत नाही असं गल्लीचं एकमत आहे, आणि त्याला कारणही आहे. महागडी पत्रिका मागणाऱ्या माणसाशी ते भांडतात. मागच्या हंगामात एक बागायतदार आले होते. ऊस नुकताच कारखान्याला गेलेला, त्यामुळं चालण्यात ऐट. त्यांनी मखमली खोक्यातली पत्रिका पसंत केली. तात्यांनी खोकं हलवून बघितलं.

"आत काय हाय? पेढं?"

"न्हाय ओ, पत्रिकाच."

"मग उघडणारा नाराज हुईल की! तुमच्या पोरीच्या लग्नाची सुरवात नाराजीनं करायची व्हय?"

बागायतदार विचारात पडले. तेवढ्यात तात्यांनी त्यांच्या हातात दुधाच्या सायीच्या रंगाचा एक साधा, जाडसर कागद ठेवला आणि तो गालाला लावून बघायला सांगितलं. एवढा मोठा माणूस भर दुकानात कागद गालाला लावून उभा राहिला. थोड्या वेळानं स्वतःशीच हसला आणि तोच कागद ठरवून गेला. खोक्याच्या मानानं तो अगदीच स्वस्त होता. मी तात्यांना म्हटलं, आलेली लक्ष्मी परत पाठवलीत. तर म्हणाले, "देखणं असाय म्हाग कशाला असाय पायजे? जाई काय पैसं घिऊन फुलती का?"

नावांवरूनही ते असेच भांडतात. आमच्याकडं पत्रिकेत नावं किती घालायची याला धरबंद नाही. सांगवीचे एक पाहुणे यादी घेऊन आले, तिच्यात आजी संचालक होते, माजी संचालक होते आणि पुढच्या निवडणुकीत उभे राहणारेही होते. तात्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "नवरी कुठंय ह्यात?" पाहुणे म्हणाले, तात्या, एक नाव गाळलं तरी भावकीत रुसवेफुगवे होतील. शेवटी तात्यांनी तोडगा काढला. पत्रिकेत नवरानवरी ऐसपैस बसवली आणि मानकऱ्यांसाठी आत वेगळी पुरवणी जोडली. "ज्येला सोताचं नाव बघायचंय त्यो आत जाऊन बघंल," ते म्हणाले. पाहुणे खूश, भावकी खूश.

डोहाळेजेवणाच्या पत्रिकेचं गिऱ्हाईक आलं की मात्र या भांडखोर माणसाची बोबडी वळते. बायकांशी बोलताना ते छताकडं बघतात. "कधी हाय तुमचं त्ये... त्ये जेवान?" असं पंख्याला विचारतात. पण कागद सगळ्यात मऊ काढतात, आणि छापून झाल्यावर एकेका पत्रिकेचे टोकदार कोपरे कात्रीनं गोल करत बसतात. हे कुणी सांगितलेलं नसतं, त्याचे पैसेही ते धरत नाहीत. मी कारण विचारलं, तर पुन्हा पंख्याकडं बघून म्हणाले, "पोटुशी बाय हातात घिऊन बघणार. टोचाय नगं."

एकदा त्यांनी उसाच्या चिपाडाचा कागद करायचं मनावर घेतलं. आपल्या भागात इतका ऊस आणि कागद मात्र परमुलखातून आणायचा, हे त्यांना खुपत होतं. चिपाडं भिजवली, शिजवली, कुटली, लगदा चाळणीवर पसरून आमच्याच गच्चीवर वाळत घातला. आठवडाभर घरात काकवीचा वास. कागद निघाला खरा, सोनेरी आणि सुरेख. त्यावर त्यांनी हौसेनं एका घरची लग्नपत्रिका छापून दिली. त्या घरच्यांनी पहिली पत्रिका देवापुढं ठेवली आणि सकाळी बघतात तर मुंग्यांनी ती मखरासकट ताब्यात घेतलेली. नवरदेवाचा चुलता तणतणत आला. तात्या शांतपणे म्हणाले, "मुंग्यास्नी बी गोड बातमी कळली. आनि काय पायजे?" चुलत्याला हसावं की चिडावं ते समजेना. चहा पिऊन तो गेला, आणि तात्यांनी सगळ्या पत्रिका नव्या कागदावर पुन्हा छापून दिल्या.

आवतणाबद्दल, म्हणजे आमंत्रणाबद्दल, त्यांचं एक शास्त्र आहे. पत्रिकेला हळदकुंकू लागलं पाहिजे, अक्षता हातावर पडल्या पाहिजेत, तरच ते आवतण. नाहीतर नुसती बातमी. आणि आवतण घेणाऱ्यानंही दोन प्रश्न विचारायचे असतात. आधी कागद न्याहाळून, 'पत्रिका कुठं छापली?' आणि मग, 'जेवण किती वाजता?' तात्या बोट उभारून सांगतात, "ज्यो इचारत न्हाय, त्यो येत न्हाय. लिहून ठिवा."

असा हा माणूस. बारामती-इंदापुरातली निम्मी लग्नं त्याच्या हाताखालून गेलेली, पण तात्या कधी कुणाच्या लग्नाला जात नाहीत. पत्रिकांचे गठ्ठे उचलताना लोक म्हणतात, "तात्या, यायचं हं लग्नाला!" तात्या म्हणतात, "बघू." ते 'बघू' म्हणजे 'नाही', हे सगळ्यांना माहीत झालंय. कुणी म्हणतं तात्या शिष्ट आहेत, कुणी म्हणतं लग्नं बघून बघून विटलेत.

यंदा आमच्या लेकीचं, सायलीचं लग्न ठरलं. मुलगा अंथुर्ण्याचा, डाळिंबाची बाग असलेला. सायलीनं जाहीर केलं की पत्रिका फक्त मोबाईलवर पाठवायची. ही खबर जिन्यावरून खाली पोचायला वेळ लागला नाही. तात्या वर आले आणि दारातूनच म्हणाले, "मोबाईलला हळद लावून दाव." सायली हट्टी. तिनं खरंच बोटानं हळद लावली. त्यानंतर तो मोबाईल तिचं बोट ओळखेना. मुकाट्यानं ती तात्यांच्या मागोमाग खाली गेली आणि दुपारभर कागद कानाला लावत बसली.

वर आली ती अटच घेऊन. "आई, तात्या लग्नाला आले पाहिजेत. मी विचारलं तर 'बघू' म्हणाले. ते आले नाहीत तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही."

"अगं, ते कुणाच्याच लग्नाला जात नाहीत."

"माझ्या बाहुलीच्या लग्नाला आले होते."

हे मात्र खरं होतं. सायली लहान असताना तिच्या बाहुलीचं लग्न लागलं, तेव्हा तात्यांनी कागदाच्या कपच्यांवर इवल्या इवल्या पत्रिका छापून दिल्या होत्या. आणि लग्नाला स्वतः आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. पोरींच्या पंगतीत मांडी घालून चुरमुरे-शेंगदाणे जेवले होते आणि बाहुलीच्या हातावर आहेरही ठेवला होता. मग माझ्या लेकीनं काय घोडं मारलंय, हे मला कळेना. मी दोनदा खाली जाऊन आग्रह केला. दोन्ही वेळा 'बघू'.

मग पत्रिका वाटायला सुरुवात झाली. कन्हेरीची भावकी झाली, आता गल्ली. आमचे हे डोक्याला टोपी, मी हातात तबक, मागं सायली. तात्यांच्या समोरच सलीमभाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. आम्ही जिना उतरून त्या बाजूला निघालो. सलीमभाईंच्या हातावर अक्षता दिल्या, पत्रिका दिली. त्यांनीही रीतसर विचारलं, कुठं छापली, आणि समोर बोट दाखवून हसले. आम्ही पुढं निघालो. जाता जाता ह्यांनी तात्यांना हात केला, "येतो तात्या, गिरणीवाल्याकडं जातो." आतून आवाज आला, "व्हय व्हय, जावा की."

घरी आल्यावर सायली दारातच थांबली. मी विचारलं, तर म्हणाली, "आई, आपण जिना उतरलो तेव्हा तात्या उठले होते. खिळ्यावरची टोपी घातली, स्टूल पुसलं, हात पुसले. आपण सलीमभाईंकडं वळलो तसे खाली बसले आणि टोपी काढून ठेवली."

मी हातातलं तबक खाली ठेवलं.

"बाहुलीच्या लग्नाची पत्रिका मी त्यांना हळदकुंकू लावून दिली होती," ती म्हणाली. "आपण दिली?"

आम्ही दिली नव्हती. कुणीच देत नव्हतं. त्यांच्याच हातची पत्रिका त्यांनाच काय द्यायची, असं जो तो समजत होता. सगळ्या मुलखाची आवतणं त्या दुकानातून निघत होती आणि त्या दुकानात एकही येत नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सकाळी आम्ही तिघं पुन्हा नटूनथटून जिना उतरलो. तात्या गठ्ठा बांधत होते. "काय वहिनी, पत्रिका कमी पडल्या व्हय?"

सायलीनं पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. ह्यांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "तात्या, पोरीचं लगीन हाय. आवतान घिऊन आलोय. अगत्यानं यायचं."

तात्यांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. मग ती खाली ठेवून त्यांनी हात पुसले, खिळ्यावरची टोपी घेतली, नीट बसवली. अक्षता घेतल्या. पत्रिका दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली आणि वाचायला लागले. 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न'पासून शेवटपर्यंत, मोठ्यानं, सावकाश. त्यातलं एकूणएक अक्षर त्यांनीच जुळवलं होतं, पण वाचत असे होते की जणू आज पहिल्यांदाच कळतंय सायलीचं लग्न आहे. मला रडू आलं. सायली तर उघड उघड रडत होती.

वाचून झाल्यावर त्यांनी पत्रिका कानाशी नेली, डोळे मिटले, टिचकी मारली. बराच वेळ ऐकत राहिले.

"कागद झ्याक हाय," डोळे न उघडताच म्हणाले. "कुठं छापली?"

आमचे हे आयुष्यात कधी विनोद न केलेले गृहस्थ. तेही अगदी गंभीरपणे म्हणाले, "हितंच, बारामतीत. एक तात्या हायती. माणूस जरा तऱ्हेवाईक हाय, पण कागद चांगला देत्यात."

"असतील, असतील," तात्या म्हणाले. त्यांनी टोपीच्या टोकानं डोळे पुसले, ती पुन्हा डोक्यावर बसवली आणि विचारलं, "आनि जेवान किती वाजता?"