तीर्थपुरीच्या मंडळींत उद्भवलेल्या चुंबनाच्या बखेड्याची हकीकत

आकाश-पृथ्वीच्या धन्याच्या चरणीं मस्तक ठेवून, तीर्थपुरी मुक्कामीं ख्रिस्ती मंडळींत चुंबनाचा जो बखेडा माजला त्याची हकीकत लिहितों. खोटें घालणार नाहीं. तिखटमीठ हात घसरून पडल्यास माफी असावी.

मंडळीचा जुना रिवाज ऐसा कीं नववर्षाच्या सकाळीं डब्यांतून शास्त्रवचनाची एक चिठ्ठी काढावी आणि जें निघेल तो हुकूम मानून सालभर पाळावा. यंदा चिठ्ठ्यांची कामगिरी तरुण संघाचे सरदार सूरजराव यांजकडे होती. त्यांनीं मोबाइलांतून वचनें उचलिलीं, आणि मागचें-पुढचें न वाचतां बेलाशक कात्री चालविली. मग पाळक धर्मराजसाहेब खासे उठले, डब्यांत हात घातला, आणि फर्मान निघालें कीं पवित्र चुंबनानें एकमेकांस सलाम करा. प्रार्थनामंदिरांत एकच कुजबुज उठली. बायका पदराआड हसूं लागल्या, आणि तंबाखूबहाद्दर भिवाजी यांच्या शेजारचीं बाकें आपोआप मोकळीं जाहलीं.

पाळकसाहेब करारी पुरुष. त्यांनीं हुकूम जारी केला कीं निघालें तें निघालें. येत्या रविवारीं पुरुषांनीं पुरुषांस आणि बायकांनीं बायकांस गालावर चुंबन द्यावें, आणि पहिला मान मंडळीचे वडील कारभारी अण्णासाहेब यांस त्यांचे धाकटे बंधू कचरूराव यांनीं द्यावा.

हें ऐकोन कचरूराव जागींच गार पडले. कारण कीं अण्णासाहेबांनीं कन्येच्या लग्नपत्रिकेंत गांवभरचे निमंत्रक छापिले आणि सख्खा भाऊ तेवढा गाळिला. हें कचरूरावांस जिव्हारीं लागलें होतें, आणि तेव्हांपासून उभयतांचें बोलणें बंद होतें. त्या गालास ओठ लावण्यापेक्षां मंडळी सोडूं, ऐसी त्यांनीं घरीं येऊन गर्जना केली. त्यावर त्यांच्या पत्नी उषाबाईसाहेब भाकरी थापतां थापतां म्हणाल्या, "खुशाल सोडा. मी न्हाई येनार. माझं लगीन त्याच मंदिरात झालं, माती बी तिथंच होईल."

पेच भारी पडला. सोडावें तर बायको येत नाहीं, राहावें तर अण्णासाहेबांच्या मिशा चुकत नाहींत. मग कचरूरावांनीं फळीवरचें शास्त्र काढिलें, धूळ झटकिली, आणि चोरवाट हुडकावी या शुद्ध स्वार्थी हेतूनें पौल प्रेषितानें रोमच्या मंडळीस धाडिलेल्या पत्रांतलें, चुंबनाचें वचन ज्यांत आहे तें प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचों लागले. पाहतात तों काय! अमक्यास सलाम, तमकीस सलाम, बंदिवासांतल्या सोबत्यांस सलाम, कोणाच्या आईसही सलाम. नांवामागें नांव, आणि तदनंतर कोठें तें चुंबन.

कचरूराव मांडी थापटून ओरडले, "अगं, हुकूम सलामाचा हाय! चुंबन ही त्या मुलखाची रीत. आपली रीत हात जोडायची. बराबर का न्हाई?"

"बराबर हाय," बाईसाहेब म्हणाल्या, "पण आधी जेवा."

रविवारीं दरबार भरला. कचरूरावांनीं मोर्चा लाविला आणि अख्खें प्रकरण खणखणीत वाचून दाखविलें. एकटा शब्द धरून बसूं नये, तो कोणत्या गोतावळ्यांत बसला आहे तें पाहावें, हा मुद्दा सर्वांनीं कबूल केला, आणि चुंबन रद्द जाहलें. हालेलुयाचा गजर जाहला. सर्वांत मोठा भिवाजींच्या शेजाऱ्यांचा.

परंतु धर्मराजसाहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनीं तेथेंच दुसरें फर्मान काढिलें कीं पौलानें एकेकाचें नांव घेऊन सलाम सांगितला, सबब आपणही नांव घेऊन सलाम करावा, आणि आरंभ पूर्वीं ठरल्याप्रमाणें कचरूरावांनींच करावा.

आतां आली का पंचाईत! चुंबन डोळे मिटून उरकतां आलें असतें. ज्या भावानें आपलें नांव गाळिलें त्याचें नांव तोंडानें घेणें महाकठीण. कचरूरावांनीं दरवाजाकडे पाहिलें, उषाबाईसाहेबांकडे पाहिलें, मग हात जोडिले. "अण्णा... सलाम."

अण्णासाहेब बाकावरून उठले आणि भावासमोर येऊन उभे राहिले. मग हात जोडून म्हणाले, "कचरू, सलाम. चुकलं रे माझं. पत्रिका छापून आल्ती तवाच पोरगी म्हणली, काकाचं नाव कुठंय? तुझ्याकडं यायला मला तोंड न्हवतं."

आणि दोघे बंधू भरमंदिरांत लेकरांसारखे रडले.

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. चुंबन एकही खर्ची पडलें नाहीं. थोरला भाऊ एक, मिशांसुद्धां, जिवंत हातीं लागला. हें खरें म्हणून लिहून ठेविलें.