साबळ्यांची पृथ्वी

आमच्या कोलशेतच्या नकाशांच्या ऑफिसात कुणी कुठलाही नकाशा दाखवला, की साबळे आधी विचारायचे, "पृथ्वी कुठली धरलीय?" शिपायाने मुलीच्या लग्नाच्या हॉलचं लोकेशन मोबाईलवर पाठवलं, तर त्यालाही हाच प्रश्न. तो म्हणाला, "काका, आपलीच. दुसरीवर हॉल मिळाला नाही!"

साबळ्यांच्या डब्यात रोज मोसंबी असे. नवा माणूस आला की ती त्याच्या नाकासमोर. "पृथ्वी चेंडू नाही, ही आहे. वरून-खालून दबलेली. किती दबलेली, याचा जुन्या नकाशांचा अंदाज वेगळा, सॅटेलाइटवाल्यांचा वेगळा. कॉम्प्युटरला चुकीचा सांगा, घर शेजाऱ्याच्या अंगणात!" आम्ही जांभया देत फोडींची वाट बघायचो.

मी त्यांच्याहून लहान, हुद्द्याने वर. मानपाड्याच्या रस्तारुंदीकरणाचा नकाशा माझा. जुना कागदी नकाशा कॉम्प्युटरवर चढवताना पृथ्वीचा आकार यादीतून निवडावा लागतो. घाईत मी आधीपासून निवडलेला होता तोच राहू दिला. घरांची एक ओळ सरकली आणि एकट्या राहणाऱ्या चंद्रामावशींचं घर थेट रस्त्यात आलं. त्यांना घर पाडण्याची नोटीस गेली.

मीटिंगमध्ये चूक कुणाची विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "तपासणी साबळ्यांकडे होती." खरं तर मी त्यांना फाइल दाखवलीच नव्हती. साबळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हो. राहून गेली," एवढंच म्हणाले. ताकीद त्यांना मिळाली. नकाशा सुधारला, नोटीसही मागे घेतली गेली. पण मला त्यांच्या टेबलासमोरून जाणं नको वाटू लागलं.

तीन महिन्यांनी, एका रविवारी, मी मावशींना खरं सांगायला मानपाड्याला गेलो. बघतो तर साबळे ओट्यावर जेवत बसलेले. "आज उशीर केलास रं, भाकर गार झाली नं," मावशी त्यांना दटावत होत्या.

"मावशी, त्या नकाशात चूक..." मी सुरुवात केली.

"मावशी, थोडा भात आणा," साबळे घाईने म्हणाले. त्या आत गेल्यावर आवाज खाली आला. "साहेब, नका सांगू. चूक माझी, म्हणून दर रविवारी मोजायला येतो, असं सांगितलंय त्यांना. कोपरला मी एकटाच राहतो, रविवारभर माझ्या दाराची बेल वाजत नाही हो."

मावशी भात घेऊन आल्या. "मोजून झालं का रं घर?"

"छे! अजून परसदार पडलंय," साबळे म्हणाले आणि खिशातून काढलेल्या मोजायच्या फितीचं दुसरं टोक त्यांनी माझ्याकडे दिलं. ते धरून मी परसदारी गेलो.