कीबोर्डवरून हात न उचलता

माणसाचं निम्मं आयुष्य माऊसकडे हात नेण्यात आणि परत आणण्यात जातं, हे मी कुणालाही सप्रमाण पटवून देऊ शकतो! मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. आमच्याकडे संध्याकाळी पान छपाईला सुटतं म्हणजे सुटतंच. पंतप्रधान पडो वा पाऊस. अशा माणसाला वाया गेलेला क्षण दिसतो, जसा गवंड्याला भिंतीचा पोक दिसतो.

सुरुवात मनगटापासून झाली. उजवं मनगट दुखायला लागलं. बायको फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे सल्ला फुकट होता.

"मनगटाला विश्रांती दे," ती म्हणाली.

मी त्याच दिवशी माऊस काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

"विश्रांती मनगटाला द्यायची होती. माऊसला नाही!"

पण तोवर मी पुढे गेलो होतो. सगळा संगणक फक्त कीबोर्डवर चालवायचा, हे ठरलं होतं. आता त्यासाठी योग्य सॉफ्टवेअर निवडायची. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. कामांची यादी ठेवणारी सॉफ्टवेअरच इतकी निघाली, की त्यांची यादी करावी लागली, आणि ती यादी कशात ठेवायची हे ठरेना. वेळ वाचवण्यावर मी इतका वेळ घालवत होतो, की बायकोने एकदा शांतपणे विचारलं, "वाचलेला वेळ कुठे ठेवतोस रे?"

अखेर घडी बसली. खिडक्या मांडणारं एक सॉफ्टवेअर मिळालं. त्यात खिडक्या एकमेकींवर पडत नाहीत, शेजारीशेजारी बसतात. नवी आली की आधीच्या अंग चोरून सरकतात, बाकावर उशिरा आलेल्या पाहुण्याला जागा द्यावी तशा. दुसरं होतं एकाग्रतेचं. मी कामाला बसलो की ते माझा मोबाइल गप्प करायचं. आणि तिसरं, माझं सगळ्यात लाडकं, आखूड शब्दाचं लांब वाक्य करणारं. आपण एक शब्द टाइप करायचा आणि स्पेस दाबायची. पूर्ण वाक्य हजर!

आमच्या धंद्याला हे वरदान आहे. 'मागे' लिहिलं, की 'त्यांच्या मागे पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा मोठा परिवार आहे'. 'शांत' लिहिलं, की 'मृतात्म्यास शांती लाभो'. 'हजर' म्हणजे 'या वेळी विविध क्षेत्रांतील मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते'. 'शोध' म्हणजे 'पोलीस फरार आरोपीचा कसून शोध घेत आहेत'. जाणकार सांगतात, अशा शब्दांआधी एखादं चिन्ह ठेवावं, म्हणजे साध्या लिखाणात ते उगाच फुलत नाहीत. पण चिन्ह म्हणजे एक जास्तीची कळ! शिवाय साध्या लिखाणात हे शब्द येतातच कुठे? इतक्या वर्षांच्या नोकरीत मला 'मागे' हा शब्द परिवाराशिवाय भेटलेला नव्हता. मी चिन्ह ठेवलं नाही. यादी मात्र ऑफिसात सगळ्यांना वाटली.

आता बायकोच्या भावाबद्दल सांगायला हवं. दादा लिफ्ट दुरुस्त करतो. बहीणभाऊ दीड वर्ष एकमेकांशी बोलत नव्हते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कोणत्या डॉक्टरकडे करायचं यावरून भांडण सुरू झालं होतं आणि लहानपणी कोणी कोणाची सायकल मोडली इथपर्यंत जाऊन संपलं होतं. ऑपरेशन झालं, सासूबाईंना स्वच्छ दिसायला लागलं, आणि दिसायचं काय, तर दोन्ही मुलं एका खोलीत नाहीत!

बायको आतून कुरतडली जात होती. बऱ्याच संध्याकाळी ती कागदावर काहीतरी लिहायची आणि फाडायची.

"फोन कर ना," मी म्हणालो.

"फोनवर आम्ही दोघंही ओरडतो. लिहिलं की शब्द निवडता येतात." आणि हातातला कागद फाडत, "या वेळी चुकलं ना, तर पुन्हा माझ्याच्याने व्हायचं नाही."

मोबाइलवर तिला लिहायचं नव्हतं. अर्धवट असतानाच बोट लागून जातं म्हणे. माझ्या साप्ताहिक सुटीच्या सकाळी ती माझ्या संगणकासमोर बसली. मला केवढा आनंद! मी तिच्या मेलची खिडकी उघडून दिली. तिला सोय कळावी म्हणून शेजारी घड्याळ उघडलं, कॅलेंडर उघडलं, कामांची यादी उघडली, आणि चहा टाकायला आत गेलो.

ती दोन बोटांनी टाइप करते, नजर कळांवर. बराच वेळ टकटक ऐकू आली. मग हाक.

"पाठवायचं कसं?"

"कंट्रोल आणि एंटर!" मी आतून म्हणालो. "बघ, हात उचलायला लागला का?"

"गेलं."

"वाचून घेतलंस ना एकदा?"

"काय वाचणार? चार खिडक्यांत माझी पट्टी झालीय. एका ओळीत दोन अक्षरं मावतायत. असू दे, पाठ आहे मला." मग ती क्लिनिकला गेली आणि मी एकाग्रता चालू करून बसलो.

तासाभराने बेल वाजली. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक हातात थर्मास घेऊन उभे. मला पाहिलं आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसले.

"तुम्ही?"

"मीच. काय झालं?"

"तुमच्या सासूबाईंचा फोन होता. म्हणाल्या, तुम्ही फोन उचलत नाही, मुलगीही उचलत नाही, आणि तुम्ही..." त्यांनी थर्मासकडे पाहिलं. "असो. चहा घेणार का?"

एवढ्यात खालून धाडधाड पावलं आली. दादा! कामाचे कपडे, खांद्याला हत्यारांची पिशवी, चेहरा घामाने निथळलेला. मला बघून तो पिशवीसकट माझ्या अंगावर आला. मारतोय की मिठी मारतोय हे मला कळलं नाही, आणि बहुधा त्यालाही.

"भाऊजी! तुम्ही जिवंत कसे?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार वाक्य नव्हतं.

त्याने मोबाइल पुढे केला. मुख्याध्यापकांनी तो मधेच घेतला, चष्मा लावला आणि वर्गात धडा वाचावा तसं खणखणीत आवाजात वाचायला लागले. "दादा, त्यांच्या मागे पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा मोठा परिवार आहे झालं ते सोडून दे. आईच्या ऑपरेशनच्या वेळी मी फार बोलले. डोकं मृतात्म्यास शांती लाभो नव्हतं. आईच्या वाढदिवसाला तू या वेळी विविध क्षेत्रांतील मान्यवर मोठ्या संख्येने उपस्थित होते नव्हतास, म्हणून घर रिकामं वाटलं. तुझा हरवलेला मोठा पाना आमच्याच माळ्यावर आहे. येऊन पोलीस फरार आरोपीचा कसून शोध घेत आहेत." चष्मा काढून ते म्हणाले, "वाक्यरचना जरा विस्कळीत आहे."

"मला वाटलं, भाऊजी गेले आणि हिच्या डोक्यावर परिणाम झाला!" दादा धापा टाकत म्हणाला. "सुना-नातवंडं कुठून आली, हे रस्त्यात सुचलंच नाही. आईला फोन केला, तुमच्या ऑफिसला केला..."

"ऑफिसला?"

पण उत्तर मिळायच्या आत बायको जिन्यातून वर आली. तिला कुणीतरी क्लिनिकमध्ये निरोप दिला होता. नवरा दारात धडधाकट उभा आहे हे तिने अर्ध्या नजरेत टिपलं. बाकीची दीड नजर दादावर.

दादाने मोबाइल तिच्या हातात दिला. तिने वाचलं. तिचा चेहरा असा झाला, की मला माझं सगळं सॉफ्टवेअर खिडकीतून फेकून द्यावंसं वाटलं. तिने एकेक शब्द तोलून निवडला होता, आणि माझ्या यंत्राने डोळ्याचं पातं लवायच्या आत त्यावर दुसऱ्याच कुणाचे तरी शब्द ओतले होते.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"मग काय लिहिलं होतंस?"

पाठ असलेलं सगळं तिला त्या क्षणी आठवेनासं झालं असावं.

"मी जास्त बोलले रे."

"मीपण."

"तू तर फारच!"

"सायकल तूच मोडली होतीस!"

"तोंड धुऊन घे आधी," ती म्हणाली आणि रडायला लागली. मुख्याध्यापक भिंतीवरचा वीजमीटर एकाग्रतेने वाचू लागले.

"मी पहिल्या ओळीपुढे वाचलंच नव्हतं," दादा हळूच म्हणाला. "लिफ्ट तशीच मधे सोडून निघालो."

"आत कुणी नव्हतं ना?" मी घाबरून विचारलं.

"सुपरवायझर आहे. असू दे जरा. हाताखालचा माणूस काढेल बाहेर."

ती दोघं स्वयंपाकघरात गेली आणि मी दारातच उभा राहिलो. मला वाटायचं, चांगलं लिहिणं म्हणजे नेमका शब्द पटकन सापडणं. तिने सावकाश शोधले ते शब्द पोचले नाहीत. मी झटपट पुरवले ते पोचले, पण त्यांना अर्थ नव्हता. दादा कोणत्याच शब्दासाठी आला नव्हता. बहिणीचं नाव दिसलं आणि काहीतरी वाईट घडलंय एवढं कळलं, म्हणून आला. याचं काय करायचं, हे कोणत्याही सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत मला सापडलेलं नाही.

मग ऑफिस आठवलं. घाईघाईने एकाग्रता बंद केली. मोबाइल इतका वेळ दाबून धरलेला श्वास सोडावा तसा वाजायला लागला. डेस्कवरचा जुना सहकारी होता. मी स्पीकर लावला.

"कोण बोलतंय?" त्याने विचारलं.

"मीच."

"अरेरे!" मग सावरून, "म्हणजे, वा! पण बातमी लावली होती हो आम्ही. मधलं पान, डावीकडे."

"वाच बघू."

त्याने वाचली. "ज्येष्ठ पत्रकार," पुढे माझं नाव, "यांचे नुकतेच निधन झाले. मनमिळाऊ स्वभावामुळे ते सर्वपरिचित होते. त्यांच्या मागे पत्नी, मुले, सुना, नातवंडे असा मोठा परिवार आहे. मृतात्म्यास शांती लाभो." शब्द न शब्द माझ्याच यादीतला. किती माणसांना मी हीच वाक्यं वाटली असतील! ती माणसंही कुणाची तरी असतील, त्यांनीही सायकली मोडल्या असतील. मला जरा गलबलून आलं.

"छान झालीय," मी म्हणालो.

"काय छान?" बायको गाळणं हातात धरून बाहेर आली. तिच्या मागून दादा, हातात बशी. "मनमिळाऊ? हा?"

"कोण म्हणालं?" दादाने विचारलं. "आमचे भाऊजी?"

"लग्नात फोटोसाठीसुद्धा हसला नव्हता!"

"माझ्याशी पहिली तीन वर्षं फक्त हवामानावर बोलायचे!"

"ते आधी काढायला सांग," दोघंही एका सुरात म्हणाली.

दीड वर्षात बहीणभावाचं पहिल्यांदाच कशावर तरी एकमत झालं होतं. मी हरकत घेतली नाही.