थंडोबाची डबी

"फ्रिज उघडला की पंखा बंद पडतो," बायको तिसऱ्यांदा म्हणाली. "खोटं वाटत असेल तर येऊन बघा."

थंडोबा बघायला गेला नाही. तो शर्टाला इस्त्री करत होता, आणि मुख्य म्हणजे पंख्याची ती स्वयंचलित व्यवस्था त्याने स्वतः केलेली होती. आपला तो बाळ्या! फ्रिजशेजारच्या भिंतीवर त्याने तापमापकाची एक छोटी डबी ठोकली होती. खोली तापली की पंखा सुरू, निवली की बंद. बटण त्याने काढूनच टाकलं होतं. माणसाच्या हातात बटण दिलं की माणूस नको तेव्हा दाबतो आणि हवं तेव्हा विसरतो, हे त्याचं आवडतं वाक्य होतं.

"अगं, भास होतो तो."

"मग हा घामही भासाचाच का?"

त्याने इस्त्री कॉलरवर फिरवली. आज त्याच्या डोक्याला दुसराच ताप होता. गावाबाहेरच्या वीजकेंद्रात तो इंजिनियर होता, आणि तिथली गॅसवर चालणारी तिन्ही टर्बाइनं उन्हाळा आला की धापा टाकायची. हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेवर टर्बाइनचं पोट भरत नाही. म्हणजे लोक घरोघरी एसी लावतात, नेमकी तेव्हाच वीज कमी! यावर थंडोबाने एका टर्बाइनच्या हवेच्या वाटेत मोठमोठे ओले पडदे बसवले होते. त्यांतून हवा गार होऊन आत जायची आणि तेवढ्याच यंत्रातून जास्त वीज निघायची. त्याने इतक्या बैठकांत 'गारवा, गारवा' केलं होतं की पाठीमागे सगळे त्याला थंडोबाच म्हणत. बायको तोंडावर म्हणायची.

आज केंद्राचा वर्धापनदिन होता. सहकुटुंब आमंत्रण होतं आणि मोठे साहेब स्वतः पडद्यांची करामत बघायला येणार होते. पटली, तर उरलेल्या दोन टर्बाइनांनाही पडदे मंजूर. नाही पटली, तर थंडोबाची रवानगी भांडार विभागात. तिथे माणूस निवृत्तीपर्यंत नटबोल्ट मोजतो, अशी ख्याती होती.

मांडव पडदेवाल्या टर्बाइनच्या, हवा आत ओढणाऱ्या खिडकीखाली, भिंतीच्या सावलीत घातला होता. समोरच्या फलकावर लाल आकड्यांत वीज दिसत होती : एकशे आठ मेगावॅट. पडद्यांविना ती शंभरावर अडली असती. आकडा बघून थंडोबाची छाती इस्त्रीच्या शर्टात मावेना.

मोठे साहेब आले, बसले आणि रुमालाने मान पुसू लागले.

"गारव्याचं प्रात्यक्षिक आहे ना? मग इथे भट्टी का पेटवलीत?"

थंडोबा धावला. भाड्याने आणलेला भला मोठा फिरता एसी त्याने साहेबांच्या खुर्चीसमोर ओढून आणला आणि झोत सोडला. साहेब सुखावले. शेजारी बसलेली थंडोबाची बायको शिंकली.

"सर, आता फलकाकडे बघा," थंडोबा ऐटीत म्हणाला.

साहेबांनी बघितलं. एकशे सहा. मग एकशे चार. बघता बघता आकडा शंभरावर येऊन बसला.

थंडोबा मांडवाच्या कडेला सरकला. त्याने नियंत्रण कक्षात फोन लावला. "अरे, पडद्यांचं पाणी कुणी बंद केलं?"

"कुणी नाही, सर. आपोआप बंद झालंय. यंत्र म्हणतंय, थंडी पडली."

"थंडी? इथे माणसं वितळतायत! हाताने सुरू कर."

"कशाने करू, सर? बटण तुम्हीच काढायला लावलंत."

थंडोबाने फोन खिशात घातला आणि साहेबांकडे बघून हसला. "यंत्र आहे, सर. जरा दम खातं." तेवढ्यात आणखी दोन शिंका देऊन बायको उठली आणि तिने एसीचं तोंड रिकाम्या खुर्च्यांकडे वळवलं. पाचेक मिनिटांत आकडा चढू लागला. एकशे तीन, एकशे सहा, एकशे आठ.

"वा!" साहेबांनी टाळी वाजवली. "काय केलंत हो?"

"अनुभव, सर," थंडोबा म्हणाला. काय झालं ते त्याला काडीचंही कळलं नव्हतं.

साहेबांना पुन्हा उकडलं. त्यांनी एसी आपल्याकडे वळवला. आकडा घसरला. बायकोने तो परत फिरवला. आकडा चढला. साहेबांनी पुन्हा ओढला.

"तुमचं यंत्र माझ्यावर रुसलंय का?" साहेबांच्या भुवया वर गेल्या.

थंडोबाने बायकोकडे पाहिलं. ती साहेबांच्या डोक्यामागच्या भिंतीकडे बघत होती. तिथे, एसीच्या झोतात, घरच्यासारखीच त्याची डबी होती. उन्हाने आकडा चुकू नये म्हणून त्यानेच ती सावलीच्या भिंतीवर लावून घेतली होती. हवा फार गार झाली की पडद्यांवर बर्फ धरू नये म्हणून पाणी तोडणारी डबी.

बायको जवळ येऊन हळूच म्हणाली, "फ्रिज उघडा राहिलाय."

थंडोबाच्या कानशिलातून वाफा निघाल्या. आता थाप मारण्यात अर्थ नव्हता. आणखी दोनदा एसी फिरला असता तर साहेबांनाही कळलं असतं. तो साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"सर, चूक माझी आहे. ती डबी मी लावली, बटण मी काढलं आणि एसीही मीच आणला. आता एक तर तुम्ही गार बसा, नाहीतर टर्बाइन."

भांडारातले नटबोल्ट थंडोबाच्या डोळ्यांसमोर खळखळले.

साहेबांनी फलकाकडे पाहिलं, डबीकडे पाहिलं, मग उठून स्वतःच एसी बंद केला आणि घाम गाळत आकडा चढेपर्यंत बसून राहिले.

"आठ मेगावॅट खरे आहेत," शेवटी ते म्हणाले. "दोन्ही टर्बाइनांना पडदे लावा. पण आधी बटण. आणि ते शहाण्या माणसाच्या हातात."

थंडोबा तरंगतच घरी आला. आल्या आल्या स्टुलावर चढून त्याने डबी उपटली आणि पंख्याला बटण बसवलं. बायकोने दिवसभरात पहिल्यांदा कौतुकाने पाहिलं. तो पंख्याखाली पाय पसरून बसला, डोळे मिटले. भाषणाची, बढतीची स्वप्नं पडू लागली होती.

खट्.

"अगं, पंखा!"

"मी बंद केला," बायको शिंकत म्हणाली. "मला थंडी वाजतेय."

खोलीत चांगलंच उकडत होतं. पण हे सिद्ध करायला आता त्याच्याजवळ डबी नव्हती.