बिराजदार सरांचा तारामासा

लातूरच्या मे महिन्यात बिराजदार सरांच्या हॉलमध्ये गेलात, तर तुम्हाला पाणी मिळत नाही. कूलरही नाही. रुमाल पुढे येतो आणि हुकूम सुटतो, “हात पुसा.” आमच्या कॉलनीची सचिव म्हणून टँकरची पाळी ठरवायला मला तिथे जावंच लागतं, आणि दरवेळी मी संतापून परत येते.

हे सगळं एका दगडासाठी. सर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. किल्लारीच्या भूकंपानंतर जमीन तपासायला आलेल्या एका जर्मन अभ्यासकाला त्यांनी जीपमधून गावोगाव फिरवलं होतं. मायदेशी गेल्यावर त्याने ही भेट पाठवली. काळ्या पाटीच्या दगडाचा तुकडा, आणि त्यात पाच हातांचा सोनेरी तारामासा. चाळीस कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी चिखलाचा लोंढा आला आणि हा जिवंत गाडला गेला. कुजायला वेळच मिळाला नाही. अंगाच्या जागी सोन्यासारखं दिसणारं खनिज भरत गेलं. एक हात अजून वाकलेला आहे. “पळत होता तो,” सर म्हणतात, आणि तुमच्याकडे असं बघतात की जणू चिखल तुम्हीच लोटला होता.

या खनिजाला ओल चालत नाही. पाणी लागलं की ते आतून सडतं, त्याची पांढरी भुकटी होते. म्हणून दगड काचेच्या पेटीत, आणि पेटीत बुटांच्या खोक्यांत येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या. त्या मिळवायला सर चपलांच्या दुकानांत जाऊन भांडतात. एका शेजाऱ्याने “नक्षी छान आहे, कुणी कोरली हो?” असं विचारलं. त्याचा चहा अर्धाच राहिला.

मग सरांची थोरली बहीण राहायला आली. अक्का. आई गेल्यावर सरांना तिनेच वाढवलेलं. आता निलंग्याचं घर विकलं होतं आणि ती एकेक गोष्ट विसरायला लागली होती. येताना गळ्यातलं इष्टलिंगही कुठेतरी हरवलं. लिंगपूजा केल्याशिवाय तिने आयुष्यात घास घेतलेला नाही, त्यामुळे ती जेवेना. सरांनी लिंगायतांचे पुरोहित, जंगम बोलावून, विधी करून नवं लिंग गळ्यात बांधवलं. अक्काने ते काढून उशाशी ठेवलं. “ह्ये माजं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी आरडाओरडा ऐकून मी धावले. काचेची पेटी उघडी, अक्काच्या हातात तांब्या, आणि दगडावरून पाणी निथळत होतं.

“अक्का, प्राणी हाय तो. मेलेला प्राणी.”

“पंचमुखी महादेव हाय. पाच तोंडं दिसनात का तुला?”

“तोंडं न्हाईत ती. हात हायत.”

“आन् मेलेल्याला बी आंघूळ घालत्यात की, बसू,” अक्का सरांना म्हणाली, आणि आत जाऊन पोटभर जेवली.

सरांनी माझा हेअर ड्रायर मागवून घेतला आणि दगड वाळवता वाळवता मलाच झापलं, कारण ड्रायर मंद होता. मी घरी येऊन उपाय लिहून काढले: पेटीला कुलूप, तशाच आकाराचा दुसरा काळा दगड, अक्कापाशी बसायला एखादी बाई. कागद नेऊन दिला. “तुमच्या याद्या टँकरवाल्याला दाखवा,” म्हणाले. पण कुलूप लावलं.

मग भिंतीपलीकडून रोज तेच ऐकू यायचं. “मला घरी सोड रं.” “हेच घर हाय, अक्का. जेव आधी.” “मला घरी सोड रं.” सर ओरडायचे, ताट आपटायचे. एका सकाळी दोन्ही आवाज बंद झाले. मला वाटलं, चला, अक्का रुळली.

थंडीत कॉलनीच्या बैठकीचं सांगायला गेले, तर पेटी जागेवर नव्हती. चौरंगावर ताटात तो दगड, समोर अक्का. भरलेला तांब्या तिला पेलत नव्हता, म्हणून सरांनी खालून हात दिला होता. पाणी सावकाश पडत होतं.

माझं डोकं सणकलं. “सर, ओल्या हातांवरून तुम्ही आख्ख्या कॉलनीला बोललात, आणि हे काय—”

“हळू बोला.”

तारामाशाचा वाकलेला हात गेला होता. तिथे नुसती पांढरी भुकटी होती, आणि उरलेल्या हातांवरही ती धरायला लागली होती. अक्काने बोटाने ती टिपली, आपल्या कपाळाला लावली. मग सरांना खाली वाकवून त्यांच्या कपाळाला.

“बघ बसू, भस्म यायलंय. आपसूक.”

आता सर तिला त्या भुकटीचं रासायनिक नाव सांगणार, म्हणून मी थांबले.

“हाव अक्का,” ते म्हणाले. “यायलंय.”

मग माझ्याकडे वळून खेकसले, “तुम्ही काय बघत उभ्या राहिलात? नमस्कार करा.”

मी फाइल खाली ठेवली आणि केला.