माझ्या नावावरचा विद्यार्थी

आमच्या शेजारचे गेनभाऊ एखाद्या माणसाकडे पाहू लागले की तासभर पाहत राहतात. सुताराची चपटी पेन्सिल हातात, जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू मांडीवर आणि नजर समोरच्याच्या हातांवर. गेल्या हिवाळ्यात त्यांनी माझी निवड केली. मी ओट्यावर बसून वीज कंपनीला अर्ज लिहीत होतो. ते कुंपणापलीकडे टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर बसून मला न्याहाळत होते. अर्ज संपला, पाकीट चिकटले, तिकीट लागले, तरी ते हलेनात.

"गेनभाऊ, काही काम होते काय?"

"तुमी चालू द्या, नाझर. तुमचं अडतंय कुठं ते बघतोय."

माझे कुठेही अडत नाही, हे मी त्यांना त्याच जागी स्पष्ट केले. त्यांनी मान डोलावली आणि तेही टिपून घेतले.

मी न्यायालयात नाझर होतो. लोकांच्या दारात समन्स आणि नोटिसा बजावण्याची व्यवस्था माझ्या सहीने चालत असे. पूर्वी सुट्टीला येत असे त्या ओतूरच्या घरी निवृत्त होऊन कायमचा आलो, पण बजावण्याची सवय सुटली नाही, म्हणून मी पत्रे लिहितो. रस्त्यात खड्डा दिसला की सर्वसाधारण मनुष्य शिवी देतो. मी तीच विषय, संदर्भ आणि पोचपावतीसह देतो.

गेनभाऊंचा मार्ग निराळा. त्यांची शेती पुतण्या पाहतो. ते स्वतः सुधारणा पाहतात. जगातील प्रत्येक वस्तूत काहीतरी अडते आणि ते सोडवण्याचे काम आपल्याकडे आलेले आहे, अशी त्यांची समजूत आहे. आमच्या सामाईक फाटकाला त्यांनी आपोआप बंद होणारी कडी बसवली. फाटक उत्तम बंद झाले. उघडण्याचा विचार तेवढा राहून गेला होता. सत्तरी ओलांडल्यावर मी स्वतःच्या कुंपणावरून उडी मारली आणि ती संपूर्ण आळीने पाहिली. पुतण्या रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जातो, म्हणून त्याच्यासाठी त्यांनी बिबट्याला पळवणारी घुंगरांची काठी तयार केली. बिबट्याने ती ऐकली की नाही हे कळण्यास मार्ग नाही. परंतु वस्तीवरची कुत्री अशी काही मागे लागली की पुतण्याने ती काठी विहिरीत सोडली.

त्यांच्या कोणत्याही वस्तूत खिळा नसतो. सगळे काही विजेच्या लाल वायरने बांधलेले. "खिळा आईकत न्हाई, राव. वायर आईकती." पीळ घट्ट, आणि वायरचे टोक प्रत्येक वेळी आत मुडपलेले. हे मुडपणे मला अनावश्यक वाटे आणि तसे मी त्यांना बोलूनही दाखवले होते. "बोचतं," एवढेच ते म्हणाले.

यानंतर जे घडले ते सांगताना मला संकोच होतो. 'ओटीपी कुणालाही सांगू नये' असा फलक मी स्वखर्चाने आळीच्या तोंडाशी लावला आहे. त्याच फलकाखाली उभे राहून मी एक ओटीपी सांगितला. गेनभाऊ म्हणाले होते, "नाझर, माझा मोबाईल बिघाडलाय. गॅसवाल्याचा आकडा तुमच्याकडं आलाय का बघा जरा." आकडा आला होता. मी चष्मा लावून तो दोनदा वाचून दाखवला.

काही दिवसांनी संदेश सुरू झाले. 'प्रिय विद्यार्थी, प्रॉडक्ट डिझाइन अभ्यासक्रमात आपले स्वागत आहे.' एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने शेतकरी, कारागीर, गृहिणी, कुणालाही खुला असलेला वर्ग काढला होता. शिक्षण मिश्र पद्धतीचे: बुधवारी मोबाईलवर व्याख्यान, शनिवारी कार्यशाळेत प्रत्यक्ष काम. पुढे 'आपला गृहपाठ मिळाला, उत्तम' असा संदेश आला आणि पाठोपाठ दुसरा: 'आपण शनिवारच्या प्रत्यक्ष सत्रास अनुपस्थित होता.'

अनुपस्थित हा शब्द माझ्या सेवापुस्तकात नाही. मी त्याच दुपारी महाविद्यालयाला लिहिले, 'विषय: माझ्या नावे झालेली तोतयेगिरी.' उत्तर आले नाही. मी पुन्हा लिहिले आणि या खेपेस फसवणुकीचे कलम घातले. तेव्हा कचेरीतून एका बाईंचा फोन आला. आवाज दमलेला होता.

"सर, प्रवेश तुमच्याच नंबरवरून झालाय. गृहपाठ पण नियमित येतात तुमचे. एखादा वाचून दाखवू का?"

"दाखवा."

त्या वाचू लागल्या. "'वापरणारा: शेजारचे एक रिटायर गृहस्थ. वस्तू: पाकीट. गृहस्थ पाकिटाला जीभ लावतात. राग जास्त आला की पाकिटं जास्त व्हतात आणि जीभ कोरडी पडती. मग ते पाणी प्यायला उठतात. तवर राग उतरतो, आणि उतरला म्हणून परत राग येतो. अडतंय इथं.'"

मी फोन कानापासून लांब धरला. बाई पुढे सांगत होत्या की शनिवारी मी स्वतः मॉडेल घेऊन हजर राहावे. नाही तर माझ्याच तक्रारीप्रमाणे माझ्या नावाचा प्रवेश बंद करण्यात येईल.

तो बुधवार होता. मी चपला न घालता शेजारी गेलो.

वरच्या खोलीत मोबाईल एका क्रेटला लाल वायरने बांधून उभा केला होता. समोर गेनभाऊ ताठ बसले होते. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा, डोक्यावर धुतलेली टोपी. त्यांच्या बाजूचा कॅमेरा बंद होता. पडद्यावर एक शिक्षिका बिजागरीचे चित्र समजावून देत होती. मी तोंड उघडताच गेनभाऊंनी ओठांवर बोट ठेवले.

"माईक बंद हाय, पर आपलं हळू बोला."

"गेनभाऊ, हे फौजदारी कृत्य आहे."

"व्हय. बसा."

मी बसलो. "समजलं का सगळ्यांना?" असे विचारत शिक्षिकेने चष्मा कपाळावर सरकवला आणि मी तिला ओळखले. ती रोहिणी होती, गेनभाऊंची एकुलती मुलगी.

"समजलं," गेनभाऊ बंद माईकला म्हणाले.

बारावीनंतर रोहिणीने मेकॅनिकल इंजिनियरिंगला जाण्याचा हट्ट धरला होता. जगातल्या प्रत्येक वस्तूला सुधारणा सुचवणाऱ्या या मनुष्याने तेव्हा, तिला पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोर, तिच्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हटले, "पोरीनं पाना धरल्यावर भाकरी कोन थापनार?" पाहुणे हसले. त्याच आठवड्यात ती मामाकडे निघून गेली, तिकडेच शिकली, आणि या घरी परत आली नाही. तिचा फोन तिच्या आईला, आमच्या वहिनींना, येतो. वहिनी तो घेऊन मागच्या अंगणात जातात.

"स्वतःच्या नावाने का नाही घेतलात प्रवेश?" मी विचारले.

"माझं नाव दिसल्यावर तिनं शिकवलं नसतं."

"म्हणून माझे लावलेत?"

"तुमी कायद्याचं मानूस. तुमच्या नावावर कोन शंका घेनार?" ते पडद्याकडेच पाहत होते. "लई चांगलं शिकवती, नाझर. पाना घेतला, त्याचं येवढं न्हाई. दिला बी आसता माघारी. पर पावनं हासलं, तवा मी बी हासलो व्हतो. त्याची लाज जात न्हाई."

मला कोणतेही कलम आठवेना.

"तुमी तक्रार केली ते बराबरच हाय," ते म्हणाले. "फकस्त बिजागरीचा धडा पुरा व्हऊ द्या. पुढच्या बुधवारी संपतोय."

घरी येऊन मी तक्रारीची स्थळप्रत काढून वाचली. पत्र निर्दोष होते. एकही काना-मात्रा चुकलेली नव्हती, आणि आयुष्यात प्रथमच मला स्वतःच्या शुद्धलेखनाची लाज वाटली.

प्रवेश टिकवायचा तर एकच मार्ग उरत होता. बुधवारचा विद्यार्थी ते होते. शनिवारचा मी व्हायचे. मिश्र पद्धत म्हणतात ती हीच, अशी मी मनाची समजूत घातली. दोघे मिळून एक माणूस भरत होता.

शनिवारी गेनभाऊ मला ओतूरच्या स्टँडवर सोडायला आले. माझ्या हातातल्या पिशवीत त्यांचे मॉडेल होते: पाकीट ओले करण्याचा डबा. आत स्पंज, वर लाटण्याचा तुकडा, भोवती लाल वायर. एसटी सुटता सुटता ते खिडकीशी आले.

"तिच्या हातांकडं बघा जरा. पडद्यावर नुसतं तोंड दिसतंय."

कार्यशाळेत बहुतेक सगळी मुले माझ्या नातवंडांच्या वयाची. मी कोट घातला होता आणि खिशात लेखी खुलासा होता. 'सदर विद्यार्थी मीच असून प्रकृतीच्या कारणास्तव' अशी त्याची सुरुवात होती. रोहिणीने टेबलामागून मान वर केली.

"या, नाझरकाका. प्रवास नीट झाला ना?"

मी जागीच थांबलो. ही मुलगी माझ्या कुंपणाला लागून लहानाची मोठी झाली होती. माझ्या पेरूच्या झाडावरून मी तिला खाली उतरवले होते. यादीत माझे नाव तिने पहिल्याच दिवशी वाचले असणार, आणि गृहपाठातली भाषा कोणाची हे तिला कुणी सांगायला नको होते. आळीतल्या कायद्याच्या आणि सुधारणेच्या अशा दोन्ही जाणकारांच्या ध्यानात ही साधी गोष्ट आली नव्हती.

"वापरणारा कोण?" तिने डबा पुढे ओढत विचारले.

"मी."

"आणि बनवणारा?"

लेखी खोटे अजून खिशातच होते. तोंडी बोलून पाहिले. "मीच."

"चालवून दाखवा."

मी लाटणे फिरवले. डब्याने पाकीट सोडून माझा कोट, टेबल आणि नुकताच बाहेर काढलेला खुलासा भिजवला. शाई पसरली. मुले हसू लागली, तसे तिने एकदाच त्यांच्याकडे पाहिले आणि हसणे थांबले. मग तिने डबा उचलला आणि वायरचा पीळ अंगठ्याने चाचपला. तिच्या नखांच्या कडांना काळे ग्रीस होते, अंगठ्यावर जुना व्रण होता. मी नीट पाहून ठेवले.

"टोक आत मुडपलंय," ती म्हणाली. "त्यांच्या सायकलच्या कॅरियरला बांधलेल्या वायरीत माझा फ्रॉक अडकायचा. तेव्हापासून मुडपतात."

मी रुमालाने कोट पुसत राहिलो. तिने यादीवर माझ्या नावापुढे खूण केली.

"तक्रारीचं काय करायचं, काका?"

"मागे घेतो. आजच, लेखी."

"बरं. आणि बुधवारच्या विद्यार्थ्याला सांगा," ती डब्याकडे पाहत म्हणाली, "कॅमेरा लावला तरी चालेल."

बुधवारी मला बोलावणे आले. वरच्या खोलीच्या दारात वहिनी उभ्या होत्या. पिठाचे हात तसेच होते. गेनभाऊ टोपी काढत होते आणि परत घालत होते. पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या खुणेपर्यंत त्यांचे बोट जाई आणि माघारी येई.

"अडतंय कुठं?" मी विचारले.

त्यांनी बोट टेकवले. माझ्या नावाच्या चौकोनात त्यांचा चेहरा आला. रोहिणी हजेरी घेत होती. माझ्या नावापाशी ती क्षणभर थांबली, मग तिने ते इतरांसारखेच वाचले.

"हजर," गेनभाऊ म्हणाले.

माझ्यादेखत माझ्या नावाने दुसरा मनुष्य हजेरी देत होता. मी हरकत घेतली नाही.

रोहिणीने कॅमेरा खाली वळवला. तिचा चेहरा गेला आणि दोन हात दिसू लागले. एका हातात बिजागरी, दुसऱ्यात पाना. ती बोल्ट आवळू लागली, अगदी सावकाश, शिकवायला लागतो त्याहून कितीतरी अधिक वेळ. गेनभाऊंनी पेन्सिल काढली होती, पण ते काही लिहीत नव्हते.

"दिसतंय का?" ती म्हणाली. या खेपेस तिने 'सगळ्यांना' म्हटले नाही.

"दिसतंय," गेनभाऊ म्हणाले. माईक चालू होता.