आधी ओटा, मग भिंती

पाटकर आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा नमस्कार-चमत्कार काही नाही. चपला काढता काढताच त्यांनी मला विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे मासे कोणत्या वारी तळतात?"

मी नवऱ्याकडे बघितलं. सांगून टाक, असं त्याने डोळ्यांनीच खुणावलं. बहरीनच्या माहूज भागातल्या एका फ्लॅटची अर्धी जागा आम्हाला हवी होती आणि ती पाटकरांच्या शब्दावर मिळणार होती.

बहरीनमध्ये इमारती कमी नाहीत. जिकडे बघाल तिकडे 'फ्लॅट भाड्याने' अशा पाट्या आहेत. पण एका साध्या पगारात परवडेल असं घर शोधायला निघालं की चपला झिजतात. मग दोन कुटुंबं मिळून एक फ्लॅट घेतात. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर एकच. भाडं परवडतं, पण स्वयंपाकघर सोसत नाही. काही महिन्यांत भांडी आदळायला लागतात, आणि शेवटी कुणीतरी बायकामुलांना गावी पाठवून मित्रांच्या खोलीत खाट टाकतो.

हे थांबवायचं, असं पाटकरांनी स्वतःशीच ठरवलं होतं. एरवी हा माणूस एका कंपनीत हिशेब बघायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र ते दोन कुटुंबांना समोरासमोर बसवून कांदेपोह्यांचा कार्यक्रम करत. फरक एवढाच की पोहे दोन्ही घरच्या बायकांनी मिळून, एकाच ओट्यावर करायचे. पाटकर दारात हाताची घडी घालून उभे. कोण फोडणी घालतं आणि दुसरी किती वेळ गप्प राहते, एवढंच ते बघत. "भिंती नंतर. आधी ओटा," हे त्यांचं पालुपद.

आमच्या पोह्यांच्या वेळी माझ्या जोडीला कोल्हापूरची सुषमा होती. मी पोह्यांत साखर घातली. तिने खिडकीबाहेर बघितलं. "खलास! जुळलं!" पाटकर ओरडले. तिच्या चेहऱ्यावरून मला तसं वाटलं नव्हतं, पण आज इतकी वर्षं आम्ही एकाच ओट्यावर आहोत. तिला अजून ती साखर आवडत नाही.

नुसती माणसं जुळवून भागणार नाही हेही पाटकरांना कळत होतं. बुसैतीनच्या एका घरमालकाचे मोठे फ्लॅट रिकामे पडून होते. पाटकर दर शुक्रवारी त्याच्याकडे जात. "बाबा, रीतसर परमिशन लेके अंदर दूसरा किचन डालो. दो छोटा फॅमिली आयेगा. झगडा मफी, बिलकुल नहीं, भाडा टाइम पे." म्हातारा त्यांना गहवा, म्हणजे कडू अरबी कॉफी, पाजून "इंशाल्ला" म्हणे. आम्ही हसायचो. पाटकर म्हणत, "'नाही' तर म्हणाला नाही ना? यल्ला, पुढच्या शुक्रवारी परत."

अशात संतोषचं प्रकरण आलं. संतोष संगमेश्वरचा, एसी दुरुस्तीच्या कामावर. नुकताच सुपरवायझर झाला होता. बायको मनीषा आणि छोटी मुलगी यांचे व्हिसा आले, तिकिटं निघाली, आणि ज्यांच्याबरोबर पाटकरांनी त्याची जागा ठरवली होती त्या कुटुंबाने ऐनवेळी माघार घेतली. जागा मिळाली नाही तर तिकिटं रद्द. संतोषची मुलगी त्याला फोनवरच ओळखत होती.

पाटकर पेटले. हमद टाउनच्या सगळ्या राउंडअबाउटना वळसे घालून आले. तिथे एकांना लहान मूल नको होतं, दुसऱ्यांना मासे नकोत. बुसैतीनचा म्हातारा इंशाल्लाच्या पुढे जाईना. "मुलगी येणार म्हणजे येणार," एवढंच बोलून पाटकर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "वहिनी, एक घर बघायला चला."

घर माहूजमध्येच होतं. दोन खोल्या, लख्ख स्वयंपाकघर, ओट्यावर किसणी, पोळपाट, मसाल्याचा डबा. "कोण राहतं इथे?" मी विचारलं.

"मी."

इतक्या वर्षांत त्यांच्या घरी आम्ही कुणीच गेलो नव्हतो.

"बायकोला आणली होती एकदा," ते किसणी सरळ करत म्हणाले. "असंच दोघांत एक घर. त्या घरच्या बाईंची संकष्टी आणि हिने नेमके बांगडे तळले. महिन्याभरात मालवणला परत गेली. मग हट्टाने हा पूर्ण फ्लॅट घेतला. तोवर आई आजारी, पुढे मुलाचं कॉलेज. नंतर मी ये म्हटलं नाही. नको म्हणाली असती तर?" मग किसणी सोडून ते माझ्याकडे वळले. "संतोषला ही मोठी खोली द्या. पण पाटकर कसा माणूस आहे, हे त्याला आणि मनीषाला तुम्ही सांगायचं. स्वतःचं मी कसं जुळवणार?"

मला रडू आलं. रागही आला. इतकी वर्षं हा माणूस आमच्या फोडण्या तपासत होता, आणि हा एवढा नीट लावलेला ओटा रोज एकटा पुसत होता.

मनीषा आली. मुलगी आधी बापाला बिचकली, मग त्याच्याच खांद्यावर झोपली. आम्ही सामान लावत होतो, तेवढ्यात पाटकरांच्या बायकोचा व्हिडिओ कॉल आला. पाटकरांनी घाईघाईने फोन मनीषाच्या हातात दिला आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले.

"माका दाखव बगूया," पलीकडून आवाज आला. मनीषाने सगळं घर फिरवून दाखवलं. ओटा, खिडकी, मोठी खोली, मग पाटकरांची धाकटी खोली.

मग बाईंनी हळूच विचारलं, "माका जागा आसा मां थंय?"

पाटकरांनी दारातूनच होकाराची मान हलवली, पण फोनमध्ये ते दिसत नव्हते. मनीषाने त्यांच्याकडे एकदा बघितलं.

"आहे ना काकी," ती म्हणाली. "तुम्ही या."